आईचा टीएसएच

आई हळू झाली होती, आणि त्या हळूपणाला आम्हा मुलांना एक नाव हवं होतं. देवासमोरच्या वाती वळता वळता तिची बोटं मध्येच थांबायची. वैशाखात सांगलीतल्या घराच्या भिंती रात्री दहालाही गरम लागतात, तेव्हा ती पायांवर शाल ओढून बसायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांकडून स्कॉलरशिपची गणितं करून घेण्यात जिची उमेद गेली, ती भाजीवाल्यानं परत दिलेले सुटे पैसे तळहातावर धरून बघत राहायची. आवाज घोगरा झाला होता, केस विरळ झाले होते, पोट साफ होत नाही ही तक्रार रोजची होती. बोलताना एखादा साधा शब्द अडायचा आणि "ते गं, ते" म्हणत ती हात हवेत फिरवायची. वय ब्याऐंशी.

यातली प्रत्येक गोष्ट वयावर ढकलता येते, आणि यातली प्रत्येक गोष्ट थायरॉईड कमी पडल्याच्या लक्षणांतही बसते. थंडी न सोसणं, बद्धकोष्ठता, कोरडी कातडी, जड आवाज, मंदावलेल्या हालचाली, विस्मरण, थकवा. ही लक्षणं वाचताना मला वाटलं, कुणीतरी आमच्या सोप्यात बसून आईकडे बघत बघत ती लिहून काढली असावीत. म्हातारपण आणि हा आजार यांचे चेहरे इतके सारखे आहेत की नुसत्या नजरेनं त्यांना वेगळं करणं मुरलेल्या डॉक्टरांनाही अवघड जातं. म्हणून रक्त तपासायचं.

ते तपासलं गेलं न्यूमोनियानंतर. आई दवाखान्यातून घरी आली, अजून जिन्याच्या दोन पायऱ्या चढली की थांबत होती, आणि दादानं एका लॅबचं पॅकेज घेतलं: साखर, किडनी, लिव्हर, जीवनसत्त्वं, थायरॉईड, सगळं एकाच सुईत. सकाळी एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ आली. पानंच्या पानं. त्यातल्या एका ओळीत ठळक अक्षरांत टीएसएच ६.९, शेजारी 'जास्त' अशी खूण आणि पलीकडे लॅबची मर्यादा, ०.४ ते ४.२.

पुण्यात माझ्या टेबलाशी बसून तो आकडा बघितला आणि मला बरं वाटलं. हे नीट सांगायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. आईचं हळू होणं थायरॉईडचं असेल तर ते मागे फिरवता येणार होतं. वयाला गोळी नाही, थायरॉईडला आहे, स्वस्त आहे, शंभर गोळ्यांची बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. आपल्या आईला आजार निघावा असं कुणाला वाटत नाही, असं मी समजत होते. पण म्हाताऱ्या आईवडिलांचे रिपोर्ट उघडताना आपली नजर ठळक अक्षरांकडे धावते ती नुसत्या भीतीनं धावत नाही. तिथे दुरुस्त होण्यासारखं काहीतरी सापडावं, ही आस तिच्यामागे असते. सगळं ठीक निघालं तर मग समोर जे दिसतंय त्याचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. तो कुणालाच नको असतो.

टीएसएच काय मोजतं ते मी त्यानंतर समजून घेतलं. आधी तर ते थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते, डॉक्टर जिला पिट्यूटरी म्हणतात, ती टीएसएच सोडते आणि त्याच्या रूपानं गळ्यातल्या थायरॉईडला हाक मारते: टी-फोर बनव. रक्तात टी-फोर पुरेसं असलं की हाक हळू, कमी पडू लागलं की मोठी. घरात कमी ऐकू येणारं माणूस असलं की सगळ्यांचा आवाज आपोआप चढतो. त्या चढलेल्या आवाजात सांगितलेलं पोचत असेल, कामं होत असतील, तर त्या घरात काही बिघडलंय असं आपण म्हणत नाही. आईच्या रिपोर्टात तसंच होतं. हाक चढली होती, पण फ्री टी-फोर १.१ होतं, मर्यादेच्या अगदी आत. ग्रंथीला ऐकू जात होतं आणि ती काम करत होती. टीएसएच वाढलेलं आणि टी-फोर जागेवर, या अवस्थेला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम म्हणतात, आणि ती आजाराची सुरुवात आहे की त्या शरीराची नेहमीची चाल आहे हे एका रिपोर्टवरून ठरत नाही.

या हाकेचं गणितही सरळ नाही. टी-फोर निम्मं झालं तर टीएसएच दुप्पट होत नाही, ढोबळ हिशेबानं ते शंभरपटीच्या घरात जातं. टी-फोरमधली जराशी घट टीएसएचमध्ये मोठी होऊन दिसते. म्हणून ही चाचणी इतकी उपयोगी, आणि म्हणूनच तिचा आकडा बघून छातीत धस्स होतं. मर्यादा ४.२ आणि आईचा आकडा ६.९, म्हणजे आपण मनात दीडपट आजार धरतो. तसं नसतं. मी हे फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिला ते आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. "म्हणजे पटीत चढतंय, बेरजेत नाही," ती म्हणाली. त्या दिवशी तिचा एकही शब्द अडला नाही.

आणि मर्यादा येते कुठून? निरोगी वाटणाऱ्या बऱ्याच माणसांचं रक्त तपासतात, आकडे क्रमानं लावतात आणि मधले ९५ टक्के 'नॉर्मल' धरतात. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर राहतात. म्हणजे धडधाकट अशा विसांतल्या एकाच्या रिपोर्टात ठळक अक्षर उमटणारच, ते या पद्धतीतच आहे. त्यातून टीएसएच वयाबरोबर वर सरकतं. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीतल्या आकड्यांचा वयानुसार हिशेब २००७ मध्ये मांडला गेला, तेव्हा ऐंशीच्या पुढच्या, थायरॉईडचा आजार नसलेल्या माणसांत वरची मर्यादा साडेसाताच्या आसपास निघाली. त्या मापानं आई तिच्या बरोबरीच्यांत बसत होती. रिपोर्टच्या माथ्यावर तिचं वय छापलेलं होतं, खाली मात्र तिची तुलना तिच्या नातवंडांच्या वयाच्या माणसांशीही झाली होती. लॅबनं खोटं काही लिहिलं नव्हतं. कागद आकडा देतो. तो कुणाचा आहे हे बघणं वाचणाऱ्यावर राहतं.

हॉलंडमधल्या लायडन शहरात पंच्याऐंशी वर्षांच्या माणसांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. त्यात टीएसएच जास्त असलेली, गोळी न घेणारी माणसं कमी जगली असं दिसलं नाही. उलट त्यांच्यातले मृत्यू कमी होते. त्या वयात शरीर आपला वेग उतरवतं ते कदाचित स्वतःला जपण्यासाठी असेल. मी या वाक्यातल्या 'कदाचित'ला धरून आहे. पण हळू होणं म्हणजे निव्वळ मोडणं, हे जे मी गृहीत धरून चालले होते, त्याला तिथे पहिला तडा गेला.

हे मी सावकाश, पुष्कळ नंतर वाचलं. रिपोर्ट आला त्या रात्री ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. लीड्सला असलेल्या पुतणीनं तिथल्या तिच्या शेजारणीचा रिपोर्ट आठवून लिहिलं की फ्री टी-फोर चौदा-पंधरा असतं, आजीचं १.१ म्हणजे काहीच उरलेलं नाही. अर्धा तास सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नंतर लक्षात आलं की तिकडे ते पिकोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात आणि आपल्याकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये; आपल्या आकड्याला सुमारे तेरानं गुणलं की त्यांचा येतो. आईचं १.१ आणि शेजारणीचं चौदा एकच होतं. परदेशात मुलं-नातवंडं असलेल्या घरांनी आकड्याआधी एकक वाचायची सवय लावून घ्यावी.

मिठाचा सल्लाही आला. शेजारच्या काकूंचं म्हणणं होतं की पुडीतल्या मिठानं थायरॉईड होतं, सैंधव वापरा. हे ऐकून मी गप्प बसू शकले नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, काहींना साधं, आणि वर्षानुवर्षं मुलांचे गळे तपासले. आयोडीनच्या गावांत गलगंड ओसरत गेला. त्या कामाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही आपल्याकडची आडनावंही आहेत. आज आपल्या मुलांच्या गळ्याला गाठी नाहीत, त्यात त्या साध्या पुडीचा मोठा वाटा आहे. आईच्या वयाच्या बाईचं टीएसएच वाढलं तर कारण बहुतेक वेळा तिच्या ग्रंथीत असतं, स्वयंपाकघरातल्या बरणीत नसतं.

जवळच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ५० मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली. महिना-दीड महिन्यानं "काही फरक?" असं विचारल्यावर आम्ही खरं तेच सांगितलं, की आई अजून तशीच आहे. गोळी ७५ची झाली.

आता त्या गोळीबद्दल. लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी घ्यायची, पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहासुद्धा नाही, कारण चहा-कॉफीनं ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. कागदावर एवढंच असतं. आमच्या घरात त्या एका तासानं काय झालं ते कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

आई पहाटे पाचला उठते आणि चहा करते. गवती चहाची दोन पाती, आल्याचा तुकडा, साखर कमी. बाबा होते तेव्हा दोन कप, ते गेल्यावर एक. अंगणातल्या जास्वंदीसमोरच्या पायरीवर बसून ती तो पिते आणि त्या वेळात तिच्याशी कुणी बोलत नाही. नोकरी, चार माणसांचा स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची दुखणी या सगळ्यात दिवसाचा तेवढाच तुकडा तिचा स्वतःचा होता आणि तो तिनं साठ वर्षं कुणाला दिला नव्हता. गोळी आली तसा तो गेला. पहाटे उठून ती गोळी घ्यायची आणि मग घड्याळाकडे बघत बसायची. सहा वाजता वहिनी उठली की गॅस पेटायचा, दुधाच्या पिशव्या यायच्या, दादाचा फोन सुरू व्हायचा, आणि त्या गलबल्यात आईच्या हातात कप यायचा. ती तक्रार करत नव्हती. "औषध आहे ते, घ्यायलाच हवं," असं शाळेतल्या शिस्तीनं म्हणायची. पण पायरीवर बसणं सुटलं.

त्याच काळात ती चपळ झाली असं आम्हाला वाटू लागलं. रात्री उठून कपाटं आवरायची. बोलणं भरभर झालं. दादानं व्हिडिओ पाठवला, आई एका बैठकीत सगळी डाळ निवडतेय. आम्ही सगळे किती खूष झालो होतो! झोप लागत नाही, छातीत फडफडतं, पदर खांद्यावर राहत नाही इतकी बारीक झालेय, हे ती वहिनीला सांगत होती, वहिनी आम्हाला सांगत होती, आणि आम्ही तो व्हिडिओ बघत होतो. पुढच्या तपासणीत टीएसएच ०.०८ निघालं. हाक जवळपास थांबली होती. रक्तात टी-फोर इतकं होतं की पियुषिकेला बोलायची गरजच उरली नव्हती.

या टोकाला जाणं म्हाताऱ्या शरीराला महाग पडतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात साठीच्या पुढच्या माणसांचा दहा वर्षांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएसएच ०.१ किंवा त्याहून खाली गेलेल्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याचं, प्रमाण इतरांच्या साधारण तिप्पट होतं. त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. हाडंही झिजतात, आणि ब्याऐंशीव्या वर्षी खुबा मोडणं म्हणजे काय ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आम्ही मिरजेला गेलो. मिशन हॉस्पिटलच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, सांगली-कोल्हापूरकडची आणि उत्तर कर्नाटकातली माणसं आपली दुखणी घेऊन मिरजेला येतात. हार्मोनचे आजार बघणारे तिथले एक वयस्क डॉक्टर आम्हाला सुचवले गेले होते. त्यांनी फाईल हातात घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवली. आईला दोन्ही हात समोर ताणायला सांगितले, बोटांवर एक कोरा कागद ठेवला आणि तो थरथरताना आम्हाला दाखवला. नाडी पूर्ण मिनिटभर मोजली. पाण्याचा घोट गिळायला लावून गळ्याकडे बघितलं. मग विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःला काय त्रास होतो?"

आई विचार करत राहिली. दादा बोलायला लागला तसं डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं.

"झोप येत नाही. धडधडतं. आणि सकाळचा चहा गेला."

"हे गोळीनंतरचं झालं. गोळीच्या आधी काय होत होतं?"

"आधी मी हळू झाले होते," आई म्हणाली. "पण त्याचा त्रास मला नव्हता. या पोरांना होता."

ती हे रागानं म्हणाली नाही. विचारलं म्हणून सांगितलं. मी त्या खोलीत तिच्या मागच्या खुर्चीवर होते आणि तिच्या मानेवरचा विरळ अंबाडा बघत होते. इतक्या महिन्यांत आम्ही तिचं रक्त विचारलं होतं, वजन विचारलं होतं, गोळी घेतली का ते रोज विचारलं होतं.

इथे मावशीबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर हे वाचून एखादी मुलगी आपल्या आईची गोळी बंद करायची, आणि ते भयंकर होईल. माझी मोठी मावशी गडहिंग्लजला असते. काका गेल्यानंतर वर्षभरात ती बदलत गेली. तोंड सुजल्यासारखं, पापण्या जड, आवाज पुरुषी, बसल्या जागी डुलकी. भजनी मंडळ सोडलं. सगळे म्हणत, काकांच्या जाण्यानं खचली, आणि वयही झालं. कुणी रक्त तपासलं नाही, कारण दुःखाला तपासणी लागत नाही असं आपल्याला वाटतं. शेवटी मावसभावानं तपासलं तेव्हा टीएसएच नव्वदच्या वर होतं आणि टी-फोर जवळजवळ नव्हतंच. तिची ग्रंथी गेलेली होती. कितीही मोठ्या हाकेला तिथून उत्तर येणार नव्हतं. तिला २५ पासून सुरुवात करून सावकाश वाढवत नेलं. काही महिन्यांत मावशी परत आली. तबलजी लय ओढतो म्हणून ती आता त्याच्याशी वाद घालते. काकांचं दुःख तिला आहेच, पण ते आता तिचं आहे, सुजेखाली दडपलेलं नाही.

जॉर्ज मरे या न्यूकॅसलच्या तरुण डॉक्टरनं १८९१ मध्ये अशाच एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. तोवर या आजारात माणूस सुजत, थंड पडत, विझत जायचं आणि बघणाऱ्यांच्या हातात काही नसायचं. ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम सकाळची एक चिमुकली गोळी करते. मावशीच्या उशाशी ती बाटली दिसली की मला त्या मरेंना नमस्कार करावासा वाटतो. ज्याला ती हवी त्याच्यासाठी तिच्याइतकं चोख औषध क्वचितच असेल.

आईला ती हवी होती का, हा प्रश्न वेगळा. मिरजेच्या डॉक्टरांनी युरोपातल्या एका चाचणीबद्दल सांगितलं, मी ती घरी येऊन शोधून वाचली. पासष्टच्या पुढचे ७३७ लोक, सगळे आईसारखेच, टीएसएच थोडं चढलेलं आणि टी-फोर जागेवर. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही. वर्षानं थकवा विचारला, इतर लक्षणं विचारली. दोन्ही गटांत फरक नव्हता. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. टीएसएच दहाच्या वर गेलं तर, ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या तर, माणूस तरुण असेल तर विचार वेगळा होतो, हेही डॉक्टरांनी दादाला दोनदा सांगितलं, कारण दादा लिहून घेत होता.

मग ते पहिल्या रिपोर्टकडे वळले आणि त्यावरची तारीख त्यांनी दवाखान्यातून सुटका झाल्याच्या तारखेशी ताडून बघितली. मोठ्या आजारातून शरीर सावरत असताना टीएसएच काही काळ चढतं आणि आपोआप उतरतं, म्हणून अशा वेळी निघालेल्या आकड्यावर लगेच गोळी न लावता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. त्यांनी वहिनीला विचारलं, केसांसाठी काही चालू आहे का? होतं. वहिनीनं प्रेमानं आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं, म्हणून ती गोळी तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवायची. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळी रक्त द्यायचं, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. थायरॉईडची गोळी त्यांनी बंद केली. गोळीतून घेतलेल्या टी-फोरपैकी निम्मं उतरायला आठवडा लागतो आणि पियुषिकेला पुन्हा आपली हाक लावायला आणखी वेळ, म्हणून सहा ते आठ आठवडे थांबून तपासा म्हणाले.

ते थांबणं आम्हाला जड गेलं. दादा तर रोज आईची नाडी मोजायचा. धडधड आधी गेली, मग झोप परत आली. नव्या रिपोर्टात टीएसएच ५.७ होतं, फ्री टी-फोर १.०, अँटीबॉडी नाहीत. लॅबनं ५.७ पुन्हा ठळक छापलं होतं. डॉक्टरांनी त्यावर पेनानं आईचं वय लिहिलं आणि खाली एक ओळ: वर्षातून एकदा तपासणे, मध्ये काही बदल जाणवल्यास आधी.

दोन गोष्टी दुरुस्त करण्यासारख्या निघाल्या, आणि त्या थायरॉईडच्या नव्हत्या. बी-१२ कमी होतं, ते भरून काढल्यावर पायांच्या मुंग्या कमी झाल्या. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ते ऑपरेशन झालं आणि सुटे पैसे तिला पुन्हा पटकन ओळखू येऊ लागले. बाकीचं राहिलं. शब्द अडतात. शाल लागते. मी फोनवर आता तिचं वाक्य पुरं करत नाही. ते सापडायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढा मी थांबते, आणि बहुतेक वेळा सापडलेला शब्द मी सुचवला असता त्याहून नेमका असतो. दादाला हे अजून जमत नाही. तो तिच्याजवळ राहतो, रोज बघतो, त्याला जास्त लागतं, हे मला इथे पुण्यात बसून कळतं आणि मी त्याला काही म्हणत नाही.

चहा पाचला होतो, पायरीवर.

आकडे आता ग्रुपवर येण्याआधी आईकडे जातात, तशी तिनंच अट घातली. तिनं एक दोनशेपानी वही केलीय. तारीख, टीएसएच, टी-फोर, त्या वेळी चालू असलेली औषधं, अलीकडचं आजारपण, आणि शेवटच्या रकान्यात 'मला काय वाटते'. पहिल्या आकड्यासमोर तिनं आठवून 'अशक्त' लिहिलंय, ०.०८ समोर 'अस्वस्थ', ५.७ समोर 'ठीक'. वर्षाची तपासणी जवळ आली आहे. साखरही बघायची असल्यानं उपाशीपोटी रक्त द्यावं लागेल, एवढंच मी तिला फोनवर सांगितलं.

"मग मार्गशीर्षातल्या गुरुवारी बोलाव त्या मुलाला," ती म्हणाली. "तेव्हा मी उपाशीच असते. आणि सातला ये म्हणावं, मागच्या वेळेसारखा. वेळ बदलली तर आकडा कशाशी ताडायचा?"